दारातून बाहेर आलेला हात

आमच्या गावात माझी आत्या सासरी गेली म्हणजे रस्ता ओलांडून समोरच्या घरात गेली. त्याच दिवशी, त्याच मुहूर्तावर माझी आई तोच रस्ता उलट्या बाजूने ओलांडून आमच्या घरात आली. याला आमच्याकडे साटंलोटं म्हणतात. आमची मुलगी त्यांच्याकडे, त्यांची आमच्याकडे. आत्याचा भाऊ तो आईचा नवरा आणि आईचा भाऊ तो आत्याचा नवरा. त्यामुळे दोघी एकमेकींच्या नणंदाही आहेत आणि भावजयाही, आणि गेली पन्नासेक वर्षं दोघी एकमेकींना 'वहिनी' अशीच हाक मारतात. हे समजायला वेळ लागला तर वाईट वाटून घेऊ नये. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर दोन दिवाळ्या लागल्या.

कुणी कुणाला बोलायला जागा राहू नये म्हणून ही पद्धत पडली, असं जुनी माणसं सांगतात. ज्याने ती पाडली त्याने माझी आई आणि आत्या बघितल्या नसणार.

मुरबाडहून टोकावडं मागे टाकून माळशेजकडे निघालं की वैशाखऱ्याच्या अलीकडे आमचं गाव लागतं. लागतं म्हणायचं एवढंच. गाडीवाल्याने काच खाली करेपर्यंत ते संपतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांची एकेक ओळ, एक देऊळ, एक ढाबा. गाव रस्त्यावर वसलंय की रस्ता गावातून काढलाय हे आता कुणालाच माहीत नाही, पण दर वेळी रुंद रस्ताच होतो आणि अरुंद गाव होतं. मागे रुंदीकरण झालं तेव्हा दोन्ही बाजूंचे ओटे गेले. परवाच्या रुंदीकरणात पडव्या गेल्या आणि वर गावापुरता दुभाजक आला. दुभाजकाला फट ठेवली ती पार ढाब्याजवळ. म्हणजे आत्याला माहेरी यायचं तर घाटाच्या दिशेने ढाब्यापर्यंत चालायचं, तिथून पलीकडे व्हायचं आणि तेवढंच उलटं चालत यायचं. दहा पावलांवरचं माहेर तिला एकदम लांब पडलं.

तेव्हापासून दोघी आपापल्या दारात उभ्या राहून ट्रकांच्या डोक्यावरून बोलतात. बोलतात म्हणजे भांडतात. मध्येच लांबलचक ट्रेलर आला तर तेवढा वेळ भांडण थांबतं आणि तो गेला की थांबलं होतं तिथूनच पुढे चालू होतं. मी वाशिंदला राहते. शहापूर, मुरबाड करत एसटीने गावी पोचते तेव्हा बहुतेक वेळा या भांडणाच्या मधोमध उतरते.

तर पडवी पडली तेव्हा आत कोंबून ठेवलेलं सामान आत्याने पुढे आवरायला काढलं, त्यात मामाची पत्र्याची ट्रंक निघाली. मामा म्हणजे आत्याचा नवरा, आईचा भाऊ. तो जाऊन काही वर्षं झाली. ट्रंकेत तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एक फोटो होता. तळहाताएवढा, काळापांढरा म्हणायचा पण आता चहाच्या रंगाचा, कडेला नागमोडी पांढरी पट्टी. फोटोत आमचा रस्ता होता.

रस्ता म्हणजे खडी. मधोमध बैलगाडीच्या चाकोऱ्या, चाकोऱ्यांच्या मध्ये गवत. कुडाच्या भिंती, नळ्याची कौलं, दोन-चार घरांवर नुसता पेंढा. देऊळ एवढंसं, आत वाकून जावं लागेल असं. आता त्याच्या जागी जे आहे त्याच्या कमानीखालून ऊस भरलेला ट्रक जाईल. देवळाशेजारी मोठी चिंच, जिथे आज 'चायनीज व मिसळ' असं लिहिलेली गाडी उभी असते. वरच्या कडेला पानांची झालर. भिंतीला टेकवलेली एक सायकल. हललेलं म्हणून दोन तोंडांचं दिसणारं एक कुत्रं. माणूस एकही नाही. फक्त डाव्या कडेला आमच्या घराच्या दारातून एक हात बाहेर आलेला. कोपरापर्यंत हात, पंजा उघडा, मनगटात काहीतरी बांगडीसारखं. पुढे दाराची चौकट, चौकटीच्या आत काळोख.

आत्या फोटो घेऊन निघाली ती ढाब्यापर्यंत गेलीच नाही. लुगडं खोचून सरळ दुभाजकावर चढली आणि अलीकडे उतरली. दोन्ही बाजूंची वाहनं थांबली. एका टेम्पोवाल्याने हात जोडले, ते भीतीने की श्रद्धेने हे मला सांगता येणार नाही.

"ह्यो बघ," तिने फोटो आईच्या नाकाशी धरला. "ह्यो माझा हात."

आईने चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. "दार कुणाचं हाय?"

"आपलं."

"आपलं म्हंजे माझं. माझ्या दारातना तुझा हात कसा येल गो, वहिनी?"

"तवा ते दार माझं व्हतं!"

झालं. प्रश्न म्हटला तर सोपा होता. फोटो लग्नाच्या आधीचा असेल तर त्या घरातली तरुण मुलगी म्हणजे आत्या, आणि लग्नानंतरचा असेल तर त्या घरातली तरुण सून म्हणजे आई. पण हा सोपा प्रश्न आमच्या गावाने पाऊस-पेरण्या सोडून महिनाभर चघळला.

मला आधी वाटलं, नेहमीचंच आहे. या दोघी एका खरवडीवरून तीन दिवस भांडू शकतात, हात तर मोठी गोष्ट. मी आत्याला जरा फटकारलंच. म्हटलं, "हातच तर आहे. मोबाइलवर दोघींना काढून देते, दोघी ठेवा." त्यावर ती माझ्यावर ओरडली नाही आणि तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "बाय, मी तरणी व्हते ह्याचा कुणाकडं पुरावा हाय का?"

मी विचार करू लागले. खरंच नव्हता. लग्नात मुरबाडहून फोटोवाला आणला होता, पण फोटो आलेच नाहीत. रीळ खराब झालं की फोटोवाल्याची पिशवी नदीत पडली यावर दोन्ही घरांत वेगवेगळी मतं आहेत. नंतर आत्याचा फोटो कुणी काढला नाही. पहिला निघाला तो मतदानाच्या कार्डावर, तोपर्यंत केस पांढरे झाले होते. आधारकार्डावर तर ती अशी दिसते की बँकेतला माणूस कार्ड बघून आधी दाराकडे बघतो.

"नातवंडांना वाटतं मी म्हातारीच जन्माला आले," आत्या म्हणाली. "आरशात बघावं तं मलाबी आता तसंच वाटाया लागलंय. ह्यो फोटो मोठा करून भिंतीला लावणार मी."

"हाताचा?"

"मंग? बाप्यांचे नाय का निसत्या तोंडाचे लावत?"

मला हसू आलं आणि लगेच हसल्याचं वाईटही वाटलं. मी ठरवलं, आता या हाताचा छडा लावायचाच. आत्याचा निघाला तर उत्तम. आईचा निघाला तर आईला दटावून तो आत्याला द्यायला लावायचा. आईला आजवर कुणी दटावलेलं नाही, पण इरादा चांगला होता.

पहिला वाद खांबावरून पेटला. फोटोत देवळाच्या मागे एक खांब दिसतो. आई म्हणाली, वीज माझ्या लग्नानंतर आली, तेव्हा हा फोटो लग्नानंतरचा, हात माझा. आत्या म्हणाली, तो दिव्याचा नाय, पोस्टाच्या तारेचा खांब हाय, तो पहिल्यापासून हाय. मग वीज कोणत्या साली आली ते काढायला निघालो. आमच्या गावात साल सांगायची पद्धत नाही, जनावर सांगायची आहे.

"शिंगमोडी म्हस व्याली त्या साली लाइट आली," आई म्हणाली.

"शिंगमोडी तुज्या माहेरची. म्हंजे ती माज्या सासरची. ती कवा व्याली ते तू मला सांगू नको, मी धार काढलीय तिची."

"तू यायच्या आदी मी काढलीय!"

अर्धा तास त्या म्हशीच्या बाळंतपणात गेला. शेवटी असं निघालं की ती दोनदा व्याली, एकदा लग्नाआधी आणि एकदा नंतर, आणि दोन्ही वेळी पारडीच झाली. म्हशीने जरा तारतम्य दाखवलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

तेवढ्यात माझ्या भावाने फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. त्याला वाटलं, कुणीतरी जाणता सांगेल. जाणते सगळेच निघाले. दोन तोंडांच्या कुत्र्यावर तीन घरांनी हक्क सांगितला. एकाने ते कुत्रं नसून वासरू आहे असं म्हटलं आणि ग्रुप सोडला. सायकल आमच्या आजोबांची, असं कल्याणला राहणाऱ्या एकाने लिहिलं. त्यावर त्याच्याच चुलत्याने लिहिलं की तुझ्या आजोबांना सायकल येत नव्हती, ते चालवायला घेऊन गेले की उचलून परत आणायचे. कुणीतरी फोटोवर गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ' चिकटवून तो परत पाठवला. माझ्या भावाने मोबाइलमधल्या कुठल्याशा अॅपने फोटोला रंग भरून घेतले. अॅपला आमचा खडीचा रस्ता काय आहे ते कळेना, त्याने तो निळा केला. गावातून नदी वाहते आहे, काठावर हिरवं कुत्रं उभं आहे आणि आमच्या दारातून एक गुलाबी हात नदीत पाऊस पडतोय का ते बघतो आहे, असं चित्र तयार झालं. आत्याला ते फार आवडलं. म्हणाली, "बघ, गोरी व्हते मी."

मी मात्र हट्टाला पेटले. म्हटलं, फोटो जिथून काढला तिथे जाऊन उभं राहायचं आणि एकेक वस्तू ताडून बघायची. फोटोवाला उभा होता तो समोरच्या घराच्या ओट्यावर, म्हणजे आईच्या माहेरच्या, म्हणजे आत्याच्या सासरच्या. तो ओटा आता कल्याणकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मार्गात आहे. मी फोटो डोळ्यांसमोर धरून तिथे उभी राहिले. उजवीकडे चिंच, इथे चायनीज. तिथे देऊळ, इथेही देऊळच पण चौपट. तिथे दार, इथे आमचं शटर. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी खिडकीतून ओरडला, "ओ ताई, सेल्फी घरी काढा ना!" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याने ट्रक मागे घेतला.

आणि तिथे उभी असतानाच मला ती पानं दिसली. फोटोच्या वरच्या कडेला पानांची झालर आहे, फोटोवाल्याच्या अगदी डोक्यावर आल्यासारखी. तशीच पानं समोर आमच्या दारावर. आम्ही सगळ्यांनी ती चिंचेची धरली होती. पण चिंच तिकडे देवळापाशी, खोडासकट दिसते आहे. मग या पानांना खोड कुठे आहे? आणि ओट्यावर झाड कसं उगवेल? शिवाय पानं चिंचेसारखी बारीक नव्हती, चांगली लांबट आणि मोठी होती.

मी धावत घरी आले. धावत म्हणजे ढाब्यावरून. "आई, मांडवाला कसल्या डहाळ्या घालतात?"

"जांभळीच्या. का गो?"

मांडव! समोरच्या घरापुढे मांडव आणि आमच्याही घरापुढे मांडव. एकाच वेळी दोन दारांत समोरासमोर दोन मांडव आमच्या गावात एकदाच पडले, साटंलोटं झालं तेव्हा. फोटोवाला लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवाच्या दिवशीच येऊन राहिला असणार आणि कॅमेरा चालतो का ते बघायला त्याने रस्त्याचा हा फोटो काढला असणार. बाकीचं रीळ काय व्हायचं ते झालं, मामाने पुढे कधीतरी मुरबाडच्या बाजारात त्याला गाठून हा एवढा एकच मिळवला असेल. त्या दिवशी आत्या अजून आमच्या घरात होती आणि आई समोर आपल्या माहेरी. दोघींना हळद लागलेली. हळद लागली की आमच्याकडे नवरा-नवरीने उंबरा ओलांडायचा नाही, एकमेकांकडे बघायचंही नाही. म्हणून तर नुसता हात! उंबरा ओलांडायचा नाही म्हणून तेवढा हात बाहेर काढलेला. सगळं कसं चपखल बसलं. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी भावाला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आत्या जिंकली. तिने दारात उभं राहून रस्ताभर ऐकू जाईल असं सांगितलं, ढाब्यावरून पेढे आणून वाटले, एक दुभाजकावर ठेवला. आई मात्र वाद घालायला आलीच नाही. "असंल," एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली. माझी आई 'असंल' म्हणते तेव्हा तिला ताप आलेला असतो. मी कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता.

मी फोटो मोठा करायला शहापूरला नेला. स्टुडिओवाल्याने तो कॉम्प्युटरवर घेतला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मॅडम, फेस कुठाय?"

"फेस नाही. हात मोठा करायचाय."

"निसता हात? मी फेस लावून देतो ना. कोणता पण लावतो. मागं बर्फाचे डोंगर टाकू?"

मी म्हटलं, माळशेजच्या पायथ्याला आम्हाला डोंगरांची कमी नाही, हात मोठा कर. त्याने केला. पडद्यावर हात हळूहळू वाढत गेला, बिस्किटाएवढा, ताटाएवढा. त्याने खाकरून विचारलं, "मॅडम, हा... आपल्या कोण लागतात?"

हाताला केस होते. थोडेथोडके नाहीत, चांगले भरघोस. बोटं जाड, नखं तुटकी. आणि मनगटात बांगडी नव्हतीच. दोरा होता, त्यात गाठ मारून बांधलेलं हळकुंड. काकण. ते हळदीला नवऱ्या मुलालाही बांधतात. नवरी असती तर कोपरापर्यंत हिरवा चुडा दिसला असता, आणि हे गावातल्या एकाही बाईच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सगळ्यांना हात हवा होता तो बाईचाच.

तो माझ्या बाबांचा हात होता.

परतीच्या एसटीत मी ती गुंडाळी मांडीवर धरून बसले होते आणि मला रडू येत होतं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचा हात असा अचानक शहापुरात भेटेल असं वाटलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर रडू आत्यासाठी येत होतं. पेढे वाटून झाले होते. भिंतीवर खिळा ठोकून झाला होता. आता तिला जाऊन सांगायचं की हा पुरावासुद्धा तुझा नाही. एकदा मनात आलं, फोटो खिडकीतून टाकून द्यावा आणि स्टुडिओला आग लागली म्हणून सांगावं. पण माझं खोटं आत्या टोकावड्यातच ओळखते, गावात पोचेपर्यंतसुद्धा थांबत नाही.

मी उतरले तेव्हा आत्या दुभाजक ओलांडून आमच्याकडे येऊन बसलीच होती. आईने चहा ठेवला होता. मी गुंडाळी उघडून जमिनीवर पसरली आणि चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. आत्या वाकली. तिने आधी फोटोतला हात बघितला, मग स्वतःचा हात शेजारी ठेवून बघितला. मग परत फोटोतला.

"केस हायत," ती म्हणाली.

"हो."

"मला नव्हतं."

"नव्हते, आत्या."

तिने बोट काकणावर ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "ह्यो तं दादा," ती म्हणाली. मग पदराने फोटोवरची धूळ पुसली, जी नव्हतीच, आणि उठली. "जाते. भाकऱ्या टाकायच्यात." आवाज अगदी साधा होता. बाहेर ट्रकांची रांग चालली होती. या बाईला मी आयुष्यात हरलेली बघितली नव्हती, आणि आता बघवत नव्हती.

"बस," आई म्हणाली.

"भाकऱ्या..."

"बस म्हनते ना, वहिनी. तुला एक सांगायचंय." आईने गॅस बंद केला. चहा अर्धा उकळला होता, पण तिने बंद केला. "पन्नास वर्सं मी सगळ्यांना सांगत आले, हळद लागल्यावर मी मान वर केली नाय. पोरींना सांगितलं, सुनेला सांगितलं. तं मी केली व्हती."

आत्या खाली बसली.

"फोटोवाला आमच्या ओट्यावं हुबा व्हता. मी त्याच्या मागं, दाराच्या फटीत. तो वरडत व्हता, बाजूला व्हा, फोटो काढतोय. गाडी बाजूला झाली, पोरं पळाली. आनि ह्यांना..." आईने फोटोतल्या हाताकडे हनुवटी केली, "ह्यांना फोटोची हौस. आंगभर हळद, कमरंला पंचा, आनि हे निघालं फोटोत यायला. उंबऱ्याशी आलं. आनि मागनं तू आलीस."

"मी?" आत्या म्हणाली. आणि मग तिचा चेहरा बदलला. तिला आठवत होतं. ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं, पण शब्दांत सांगता येणार नाही. "आये वरडली, अगो धर त्याला, नवरा भाहेर पडतोय! मी त्याचा करदोरा धरला!"

"करदोरा धरलास नि दोनी पाय उंबऱ्याला लावून मागं वाकलीस. एवढा दांडगा बाप्या, तो फुडं वढतोय नि तू मागं."

"तुटला करदोरा!"

"तुटला. मंग पंचा धरलास. देवानं लाज राखली." आई हसायला लागली, पदर तोंडावर घेऊन, खांदे हलवत. "मी आत मरत व्हते हसून. हसू तरी कशी, नवरी मी. त्यांचं काय नाय आलं फोटोत. हात तेवढा सुटला भाहेर. बाकी आख्खा बाप्या तू आत धरून ठेवलास."

मी फोटोकडे बघत होते. चौकटीच्या आत काळोख होता, त्यात काहीही दिसत नव्हतं, कितीही मोठा केला तरी.

आत्याने हळूच विचारलं, "तू मला बघितलंस?"

"बघितलं म्हंजे? त्यांच्याकडं कोन बघतंय, त्यांना रोज बघत व्हते. तुलाच बघत व्हते मी." आईने हसणं थांबवून डोळे पुसले. "केस सुटलेले, तोंडाला हळद, दात-ओठ खात व्हतीस. दंड असं दिसत व्हते तुझं. मला वाटलं, ही उद्या माज्या भावाच्या घरात जानार. त्याचं काय खरं नाय."

"आनि?"

"आनि काय. देखनी दिसत व्हतीस. मला राग आला व्हता." आईने नाक ओढलं. "अठरा वर्साची व्हतीस तू, वहिनी. तुला कुनी बघितलं नाय म्हनतेस. मी बघितलंय ना."

रस्त्यावरून एक लांबच लांब ट्रेलर गेला, आणि तो जाईपर्यंत दोघी सवयीने थांबल्या. तो गेल्यावर आत्याने मांडी घातली, पदर आवरला आणि आईच्या जवळ सरकली.

"परत सांग," ती म्हणाली.

आणि माझी आई, जिने या नणंदेला जन्मात कधी एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली नव्हती, पहिल्यापासून सांगायला लागली.